जालना, सोने का पालना… मग पोरं पुण्याला का?

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. फक्त "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत. हिशेबाचे आकडे ऐकताना निसटतात, ते इथे निवांत बघा.)

००:०० : एक फोन

 

आजचा विषय ठरवून घेतलेला नाही. मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला माझ्या चुलतभावाचा फोन आला. आमचं गाव परतूर तालुक्यात, जालना जिल्हा. मी पुण्यात राहतो, आठ वर्षं झाली. तो बीएस्सी झालाय, बावीस वर्षांचा आहे आणि गावीच असतो. म्हणाला, "दादा, चाकणला काम मिळतंय. ठेकेदाराकडून आहे, हातात सतरा हजार. जाऊ का?"

मी म्हटलं, "जा की. विचारतोस कामून?"

तर म्हणतो, "इथं कापूस वेचायला आलाय. बाबाची कंबर गेलीये. आणि दादा, खरं सांग, आपल्याकडं काहीच होत नाही का? आपणच मागास आहोत का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पटकन दिलं होतं. दुसऱ्याचं देता आलं नाही. "उद्या बोलतो" म्हणून फोन ठेवला आणि मग आठवडाभर हेच वाचत बसलो. हा भाग म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. तुमच्यापैकी बरेच जण जालना, बीड, परभणी, हिंगोली इकडचे आहात आणि हे हिंजवडीच्या नाहीतर चाकणच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून ऐकताय. म्हणून तुमच्यासाठीही.

०२:१० : अकरा लाखांचं घर

आधी एक आकडा. राज्य सरकार दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" काढतं. त्यानुसार २०२३-२४ मध्ये महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न २ लाख ७८ हजारांच्या थोडं पुढे होतं. दरडोई म्हणजे माणशी, म्हाताऱ्यापासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे धरून.

आता तुमच्या घरात चार माणसं असतील तर गुणाकार करा. वर्षाला अकरा लाखांच्या वर.

काय, हसू आलं ना? मलाही आलं.

सरकार खोटं बोलतंय का? नाही. सरासरीचा स्वभावच असा आहे. परतूरच्या स्टँडवर वडाप जीपमध्ये नऊ जण बसलेत, प्रत्येकाची कमाई महिन्याला दहा हजार. दहावा म्हणून एक मोठा कारखानदार येऊन बसला, त्याची कमाई महिन्याला दहा लाख. आता जीपची सरासरी झाली एक लाख नऊ हजार. नऊ जणांच्या खिशात एक रुपया वाढला नाही, तरी कागदावर जीप श्रीमंत झाली. शिवाय राज्याच्या उत्पन्नात फक्त पगार नसतात. कंपन्यांचा नफा, जागांची भाडी, बँकांचं व्याज, सगळं त्यात येतं.

हीच जीप देशाएवढी करा. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा २०२४ चा एक अभ्यास आहे. त्यात देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा १३.३ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आपलं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दीडपट. बिहारचं साधारण एक तृतीयांश. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला आपण जीपमधला कारखानदार वाटतो.

पण महाराष्ट्र म्हणजे तरी कोण? मुंबई, ठाणे, पुणे एकीकडे आणि नंदुरबार, गडचिरोली, हिंगोली, जालना दुसरीकडे. विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. त्यात सांगितलं की मराठवाड्याचं दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी आहे. विदर्भाचं २७ टक्क्यांनी. "उर्वरित महाराष्ट्र" म्हणजे कोकण, मुंबई, पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्र. तिकडे शंभर रुपये, तर आपल्याकडे साठ.

आणि हे साठसुद्धा जीपच्या सरासरीतले.

०५:०० : काकांची वही

आता सरासरी बाजूला ठेवू. माझे काका वही ठेवतात. त्यांची परवानगी घेऊन सांगतोय.

चार एकर कोरडवाहू, सगळा कापूस. एकरी सहा क्विंटल, म्हणजे चोवीस क्विंटल. सरासरी भाव मिळाला सात हजार. आले १ लाख ६८ हजार. बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, गाडीभाडं मिळून खर्च ९२ हजार. उरले ७६ हजार. वर्षाचे. महिन्याला सव्वासहा हजारांच्या आसपास, आणि यात काका-काकूंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

आता भावाचं चाकण. हातात सतरा हजार. चौघांत एक खोली, तीन हजार. मेस साडेतीन हजार. बस, मोबाईल, किरकोळ, अडीच हजार. झाले नऊ. उरले आठ हजार.

म्हणजे चार एकर जमीन आणि दोन माणसांचे वर्षभराचे कष्ट यातून जेवढं उरतं, त्यापेक्षा एकटं पोरगं चाकणहून जास्त पाठवू शकतं. त्याची बहीण बारावीला आहे. तिला पुढे छत्रपती संभाजीनगरला शिकायचंय, होस्टेल आहे, फी आहे. सव्वासहा हजारांत ते बसत नाही.

म्हणून मी पटकन "जा की" म्हणालो होतो. त्या हिशेबात चूक नाही. पण हा हिशेब असा का येतो, ते बघायला हवं.

आणि एक गंमत. तो चाकणला गेला की त्याच्या कामाचं उत्पन्न पुणे जिल्ह्याच्या खात्यात मोजलं जाणार. कारण जिल्ह्याचं उत्पन्न काम कुठे झालं त्यावरून मोजतात, माणूस कुठला त्यावरून नाही. त्याला वाढवलं परतूरने, शिकवलं जालन्याने, आकडा चढला पुण्याचा.

०८:२० : सव्वातीन हजार शर्ट

"आपल्याकडे काहीच होत नाही" असं भाऊ म्हणाला. हे खरं नाही, आणि इथेच खरी गोष्ट आहे.

आपल्याकडे कापूस होतो. तर कापसाचाच हिशेब करू. ढोबळ आहे, पण घरी करून बघा. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एका शर्टाला वाया जाणारं धरून पाव किलो रुई धरा. म्हणजे एका क्विंटलमधून १३६ शर्ट. सात हजार भागिले १३६, साधारण पन्नास रुपये. सरकीचे पैसे वजा न करताही तुमच्या आठशे रुपयांच्या शर्टात शेतकऱ्याचे पन्नासच रुपये आहेत.

काकांच्या चोवीस क्विंटलमधून होतात सव्वातीन हजार शर्ट. दुकानात त्यांची किंमत सव्वीस लाख. काकांकडे आले १ लाख ६८ हजार.

मधले सगळे लुटारू आहेत असं मी म्हणत नाही. मध्ये कामं आहेत. गाठी बांधणं, सूत काढणं, कापड विणणं, रंगवणं, शिवणं, नेणं, विकणं. प्रत्येक पायरीवर कुणाला तरी पगार मिळतो, कुणाचा तरी धंदा चालतो. फक्त जिनिंगच्या पुढच्या बहुतेक पायऱ्या आपल्याकडे नाहीत. त्या इचलकरंजीला आहेत, भिवंडीला आहेत, तमिळनाडूत कोइम्बतूर-तिरुपूरला आहेत.

श्रीमंती पायऱ्यांवर असते. आपल्याकडे पहिली पायरी आहे.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९५० च्या सुमाराला नगर जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना सभासद करून उभा केला. ऊस गावात आणि त्याची साखरही गावात. म्हणजे दुसरी पायरी शेताजवळ आली. मग त्या पैशातून शाळा, कॉलेजं, दवाखाने झाले. सहकाराचे पुढे काय काय झाले ते आपल्याला माहीतच आहे, पण पैसा एकदा गावात थांबला की त्याला पिल्लं होतात, हे त्या भागाने दाखवलं.

आता याचीच दुसरी बाजू. त्या कारखान्यांना ऊस तोडायला माणसं कुठून जातात? बीडहून सगळ्यात जास्त, आणि आपल्या घनसावंगी, मंठा, परतूरकडूनही. नवरा-बायको मिळून "एक कोयता". मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचं, उन्हाळा लागला की परत. माझ्या वर्गातली चार-पाच पोरं दरवर्षी सहामाहीनंतर दिसायची नाहीत. तेव्हा वाटायचं, मजा आहे यांची. सातवीनंतर त्यातली दोन दिसलीच नाहीत.

१२:०० : दरी आली कुठून?

काही जण म्हणतात, मराठवाड्यात पाऊस नाही, विषय संपला. पाऊस कमी आहे, खरंय. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. २०१२-१३ चा दुष्काळ तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. मोसंबीच्या बागा वाळल्या. लोकांनी वीस वर्षांची झाडं कुऱ्हाडीने तोडली आणि सरपण केलं. गोदावरीवर पैठणला जायकवाडी धरण आहे, पण वर नाशिक-नगरची धरणं आधी. जायकवाडीला पाणी सोडायचं का, यावर प्रत्येक टंचाईच्या वर्षी भांडण ठरलेलं.

पण नुसता पाऊस कारण असता तर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचा भागही कोरडाच आहे. इतिहास बघावा लागतो.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तिथून सुटला. म्हणजे देशापेक्षा तेरा महिने उशिरा. तोवर मुंबई इलाख्यात कापडगिरण्या, कॉलेजं, बँका, कालवे यांना कित्येक दशकं झाली होती. आपल्याकडे वरचं शिक्षण हैदराबादला आणि तेही उर्दूत. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८ मध्ये. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मधे एकशे एक वर्षं.

१९५३ मध्ये नागपूर करार झाला. मराठी भाग एक व्हायचे तर मागे पडलेल्या भागांकडे खास लक्ष द्यायचं, असं ठरलं. राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. ही मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

मधे १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांची समिती बसली. दांडेकर मोठे अर्थतज्ज्ञ. त्यांनी एक सोपी पद्धत वापरली. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पंपांची वीज, प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तिथवर आणायला किती पैसा लागेल ते मोजलं. याला नाव "अनुशेष". बातम्यांत हा शब्द येतो ना, तो हाच. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी. त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी.

पद्धत चांगली होती, पण एक गोम आहे. तुम्ही १९८४ च्या सरासरीला पोचेपर्यंत पुढचे थांबलेले नसतात. स्टँडवरून सुटलेल्या एसटीमागे धावायचं आणि एसटी मघाशी जिथे उभी होती तिथे पोचून म्हणायचं, पोचलो बुवा. शिवाय रस्ता बांधला तर रस्त्याचा अनुशेष भरतो. त्या रस्त्यावरून कापूस बाहेर जातो की शर्ट, हे अनुशेषात मोजलं जात नाही.

१५:४० : "सोने का पालना" म्हणजे काय होतं

जालन्यात एक म्हण आहे, "जालना, सोने का पालना". आजीच्या तोंडून ऐकली असेल. ही बढाई नव्हती. जालना जुनी व्यापारी पेठ. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे इथून गेली आणि कापसाचा व्यापार फुलला.

आजही जालना रिकामा नाही. देशात जालना म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. स्टील आणि बियाणं.

आधी स्टील. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. मुंबई-पुण्यात जे टॉवर उभे राहतात, त्यातल्या कितीतरी सळया जालन्याच्या. जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आकडा या कारखान्यांनी वर जातो. पण भट्टीजवळ काम करणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारची मुलं मोठ्या संख्येनं. म्हणजे बघा, बिहारचं पोरगं जालन्याला येतं, जालन्याचं पोरगं चाकणला जातं. दोघंही घरापासून लांब, दोघंही ठेकेदाराकडे. दरीला एकच कडा नसते. आपल्या खालीही कुणीतरी उभा आहे.

आता बियाणं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणांची कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. जालन्यात बसून जगातलं एवढं मोठं बक्षीस! पुढे बीटी कापसावरून खूप वाद झाले, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. आज मला एवढंच दाखवायचंय की बियाण्यात आपल्याकडे फक्त पहिली पायरी नव्हती. संशोधन इथे, चाचणी इथे, पॅकिंग इथे. आणि शेतकऱ्यांना बीजोत्पादनाचे प्लॉट मिळाले. साध्या पिकापेक्षा बियाण्याच्या पिकाला भाव जास्त. त्यामुळे आसपास आणखी कंपन्या आल्या, शेडनेट आली, कृषी पदविका केलेल्या पोरांना जिल्ह्यातच काम मिळालं.

म्हणजे एकाच शहरात दोन उदाहरणं. एकात पैसा तयार होतो पण आसपासच्या गावांत कमी मुरतो. दुसऱ्यात थोडा जास्त मुरतो.

१९:०० : कडवंचीला काय झालं

दरी मुंबई आणि जालना यांच्यातच नाही. जालन्याच्या आतही आहे. गोदाकाठी कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, अंकुशनगरला कारखाना आहे. तिथून चाळीस-पन्नास किलोमीटर इकडे या, नुसतं कोरडवाहू.

आणि मग जालना तालुक्यात कडवंची आहे. नाव ऐकलंच असेल. कडवंचीला धरण नाही, कालवा नाही. पाऊस आपल्यासारखाच. १९९६ नंतरच्या काही वर्षांत तिथे पाणलोटाचं काम झालं. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचा पैसा आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचं मार्गदर्शन. डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत चर, बांध, नाल्यावर बंधारे. नंतर लोकांनी शेततळी घेतली, ठिबक केलं आणि कापूस-ज्वारीवरून द्राक्षावर गेले. आज त्या गावात मजूर बाहेरून कामाला येतात.

हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, मेहनत केली की होतं. मेहनत तर आमचे काकाही करतात. कडवंचीत मेहनतीच्या जोडीला तीन गोष्टी होत्या. एक, बाहेरून आलेला पैसा, आणि तो एकदाच न येता काही वर्षं येत राहिला. दोन, जवळचं विज्ञान केंद्र, जिथे प्रश्न विचारता येतो. तीन, सगळ्या गावाने मिळून करायचं ठरवलं, कारण एकट्याच्या शेतात पाणलोट होत नाही. यातली एक जरी नसती तर जमलं नसतं, असं माझं मत.

तसंच रेशमाचं. रेशीम शेती करणारे आपले शेतकरी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जायचे. शेकडो किलोमीटर, रात्रभर प्रवास, तिथली भाषा येत नाही, भाव ते म्हणतील तो. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाली. पायरी छोटी आहे, पण घराजवळ आली.

२२:१५ : समृद्धी आली की समृद्धी येते का?

आता आपल्याकडे रस्ता आलाय. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला, शेवटचा ५ जून २०२५ ला खुला झाला. जालन्याला इंटरचेंज आहे. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, आता ती नांदेडहून सुटते. ड्रायपोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र जालन्यात आलं. नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

छान आहे सगळं. पण गुन्नार मिर्डाल नावाचे एक स्वीडिश अर्थतज्ज्ञ होते, पुढे त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी १९५७ मध्येच एक गोष्ट मांडली. पुढे गेलेलं शहर मागच्या भागावर दोन परिणाम करतं. एक, ओढ. तिथली शिकलेली पोरं, बचत, कच्चा माल, सगळं खेचून घेतं. दोन, पसर. तिथली मागणी, धंदे, कौशल्य हळूहळू बाहेर पसरतं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात. ज्याचा जोर जास्त, त्यावर दरी वाढते की मिटते ते ठरतं. आपोआप मिटेल असं नाही.

चीनचं बघा. १९७८ नंतर त्यांनी आधी समुद्रकाठची शहरं वाढवली. आतल्या प्रांतांतून कोट्यवधी लोक तिकडे कामाला गेले. शहरात कायमची नोंद नसल्यामुळे अनेकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे राहिली. दरी फार वाढली, तेव्हा २००० च्या सुमाराला सरकारने पश्चिमेकडच्या प्रांतांत मुद्दाम रस्ते, रेल्वे, वीज यावर प्रचंड पैसा ओतायला सुरुवात केली. म्हणजे तिथेही मुद्दाम काहीतरी करावं लागलं.

रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो, मंडळी. समृद्धीवरून जालन्याची मोसंबी सात-आठ तासांत मुंबईला जाऊ शकते. आणि माझा भाऊ पण.

म्हणून यापुढे आपल्या जिल्ह्यात कुठल्याही प्रकल्पाची बातमी आली की "किती हजार कोटी" हा आकडा ऐकून टाळ्या वाजवू नका. तीन प्रश्न विचारा.

पहिला, इथे कुठली पायरी येतेय? नुसतं गोदाम, की माल बदलून जास्त किमतीचा करणारं काम?

दुसरा, पगार कुणाला आणि कसा? कायम की ठेकेदाराकडून? जिल्ह्यातल्या आयटीआय आणि कॉलेजांत ते काम शिकवलं जातंय का?

तिसरा, पाणी कुणाचं? कारखान्याला लागणारं पाणी शेताच्या किंवा गावाच्या वाट्याचं तर नाही ना?

ग्रामसभेत विचारा, आमदारांच्या पेजखाली विचारा. प्रश्न साधे आहेत, पण उत्तर देणाऱ्याला तयारी करून यावं लागतं.

२५:३० : भावाला काय सांगितलं

परवा मी भावाला फोन केला. हे सगळं सांगितलं, एवढं लांब नाही. शर्टाचा हिशेब ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपण मागास नाही."

मी म्हटलं, "नाही. आपण पहिल्या पायरीवर आहोत. पुढच्या पायऱ्या दुसरीकडे बांधल्या गेल्या. काही इतिहासाने, काही धोरणाने, आणि काही आपल्याच पुढाऱ्यांनी आपल्याकडे मागितल्या नाहीत म्हणून."

"मग जाऊ का राहू?"

इथे मला खरं बोलावं लागलं. राहा म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. बहिणीचं होस्टेल जूनमध्ये आहे, आणि महामार्गावरचे बोर्ड बघून फी भरता येत नाही. मी स्वतः आठ वर्षांपूर्वी निघालो तेव्हा मला वाटलं होतं मी ठरवून निघालोय. आता वाटतं, मी ठरवलं फक्त बसची वेळ.

माझ्यासाठी दरी म्हणजे हीच. आर्थिक पाहणीतला आकडा कळतो, पण तो दुखत नाही. हे दुखतं. पुण्यातल्या पोराला घरी राहायचं की बाहेर जायचं, हे निवडता येतं. परतूरच्या पोराला विचारतात फक्त कधी जातोस. ज्या दिवशी माझ्या भावाला दोन्ही रस्ते खरंच खुले असतील आणि तरी तो चाकणला जाईल, त्या दिवशी मी म्हणेन दरी कमी झाली.

तो सोमवारी निघतोय. वेचणीला मी चार दिवस सुट्टी काढून गावी जाणार आहे. चार दिवसांत माझ्याच्याने किती कापूस वेचला जाणार, काकूंना माहीत आहे, त्या आत्तापासून हसतायत.

तुम्ही कुठून निघालात आणि कशामुळे, मला व्हॉइस नोट पाठवा. आणि जे निघाले नाहीत, गावीच काहीतरी जमवून बसलेत, त्यांनी तर नक्की पाठवा. कुठली पायरी घराजवळ आणली ते सांगा. पुढचा भाग तुमच्यावर करू.

भेटू मग. काळजी घ्या, आणि आज घरी फोन करा.